फळ्यावर न लिहिलेलं नाव

गुरुजी शेवटचे आले ते फेब्रुवारीत, आणि मी त्यांना भेटले नाही. भेटता आलं नाही असं म्हणायची सोय आहे, लोक तसंच म्हणतात. पण आत एक पहिलटकरीण अडली होती हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की ती मोकळी झाल्यावर पाच मिनिटं बाहेर डोकावणं मला जमलं असतं. मी जिंतूरला सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, बाळंतपणाच्या खोलीत. आमच्या आयामावशीने आत येऊन सांगितलं होतं, "सिस्टर, तुमचे ते गुर्जी आलेत. बाकड्यावर बसलेत." मी म्हटलं, बसू द्या. मग बाळ रडलं, वजन झालं, नोंदवहीत वेळ लिहिली, चहा आला, तेवढ्यात दुसरी बाई आली... तासाभराने बाहेर पाहिलं तर बाकडं रिकामं होतं. मावशीच्या हातात हरभऱ्याच्या ढाळ्यांची जुडी आणि कागदात बांधलेला गुळाचा खडा देऊन ते बसस्टँडकडे निघून गेले होते. ढाळे आम्ही सगळ्यांनी सोलून खाल्ले. गूळ मावशीने माझ्या टेबलाच्या खणात टाकला, आणि मी तो विसरून गेले.

दरवर्षीचंच होतं ते. माघ सरत आला की किशन गुरुजी एक दिवस यायचे. आमचं गाव पिंगळी स्टेशनवरून अर्ध्या तासाच्या चालीवर. तिथून परभणी, परभणीहून जिंतूरची एसटी, असं करत दुपारपर्यंत पोचायचे. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, खांद्याला कापडी पिशवी आणि सदऱ्याच्या खिशाला खडूचा डाग. मी बाहेर आले की आधी गुळाची पुडी पुढे करायचे. "आधी गूळ खा, मग ढाळे." मी गूळ तोंडात टाकायची, कागद कचऱ्यात टाकायची आणि घड्याळाकडे बघायची. जिंतूरला त्यांचं काहीतरी काम असतं, जाताजाता माझ्याकडे वळतात, असं मी धरून चालले होते. काय काम असतं हे कधी विचारलं नाही. सिस्टर लोकांना दुसऱ्याला प्रश्न विचारायची लई सवय असते, पण ते प्रश्न वेगळे.

जुलैमध्ये गावाकडून फोन आला. सकाळी नेहमीसारखे वाचनालयाच्या ओसरीत गेले, फळा ओल्या फडक्याने पुसला, वार आणि तारीख लिहिली आणि खाली बसले. बसले ते उठले नाहीत. हातातला खडूसुद्धा तुटला नव्हता म्हणे.

या फळ्याबद्दल सांगायला हवं, कारण गुरुजी म्हणजे तो फळा. शाळेतून निवृत्त व्हायच्या कितीतरी आधीपासून ते रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहायचे. वर 'आज घडलेलं', त्याखाली 'आज जन्मलेले'. कुठल्या देशात राज्यक्रांती झाली, कुठल्या साली माणूस चंद्रावर उतरला, कोण शास्त्रज्ञ, कोण गायिका, कोण फलंदाज आज जन्मले. सतरा सप्टेंबरला तर निजामाच्या राजवटीची अख्खी हकीकत लिहायचे, फळा पुरायचा नाही, उरलेलं तोंडी सांगायचे. त्यासाठी त्यांनी एक जाड वही केली होती, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान, एकोणतीस फेब्रुवारीलासुद्धा. आणि सगळ्यात खाली, फळ्याच्या शेवटच्या ओळीत, एक शीर्षक असायचं... 'आपल्यापैकी'. तिथे गावातल्या माणसाचं नाव. वर कुणी पंतप्रधान, मधे कुणी नट आणि खाली नागोराव, मारोतीचा.

हा नागोराव आता साठीचा. ज्या दिवशी त्याचं नाव पहिल्यांदा लागलं त्या दिवशी तो फळ्यासमोरून हलेना. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून वाचून दाखवायचा. त्याची बायको पाण्याला निघालेली, ती म्हणाली, "इतके दिस काय जलमला न्हवता का तुमी?" नागोरावने उत्तर दिलं, "जलमलो व्हतो, पर छापलो न्हवतो." संध्याकाळी त्याने आख्ख्या आळीत पेढे वाटले.

'आपल्यापैकी' ही ओळ सुरू झाली त्यामागे मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्या पिढीतल्या खेड्यातल्या माणसाला कागदावरची जन्मतारीख विचारा, दहातले बरेचजण एक जून सांगतील. शाळेत नाव घालायला बाप यायचा, गुरुजी विचारायचे कधीचा जन्म, बाप डोकं खाजवून म्हणायचा, "लिव्हा की तुमीच." रजिस्टरात रकाना मोकळा ठेवता येत नव्हता. मग पोराचे दात बघायचे, उंची बघायची, साल अंदाजाने धरायचं आणि पुढे एक जून ठोकायचं. सगळीकडचे गुरुजी हेच करत. किशन गुरुजींनीही आपल्या उमेदीच्या वर्षांत आमचं अर्धं गाव एक जूनला जन्माला घातलं.

त्यात मीही. आम्ही मेंढरंवाले. पोळा झाला की आमची माणसं कळप घेऊन निघत ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येत. माझे वडील मी तान्ही असतानाच गेले, माय दिराच्या कळपासोबत फिरायची आणि मी तिच्यासोबत. एकदा गावाबाहेर मेंढरं बसली असताना गुरुजींनी मला पाहिलं आणि मायला म्हणाले, हिचं नाव घालतो. माय नको म्हणाली, दीर नको म्हणाला. गुरुजी आठ दिवस रोज येत राहिले. शेवटी माय म्हणाली घ्या. जन्म कधीचा, म्हणून विचारलं तर तिने मान हलवली, "न्हाई आठवत. रानात झाली." गुरुजींनी लिहिलं... मथुरा, एक जून.

पुढे फळा सुरू झाला आणि पहिल्यांदाच त्या फळ्यावर एक जून उजाडला. जन्मलेल्यांची यादी लिहून झाल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे, खाली त्यांनी लिहिलं, 'आज आपल्यापैकी जवळजवळ सगळे.' गाव पोट धरून हसलं. मी तेव्हा दहावीला होते, मीही हसले. गुरुजी फळ्याकडे बघत उभे होते. मला म्हणाले, "ह्यात माझी चूक आहे, मथुरा. कुठल्या कुठल्या लोकांचे दिवस मला पाठ आहेत, आणि समोरच्या लेकरांचे मी पुसून टाकले."

तेव्हापासून ते म्हाताऱ्या बायांच्या ओसऱ्यांवर बसू लागले. तारीख कुणालाच ठाऊक नसायची, पण आईला दिवस आठवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. नदीला पूर आला त्या आठवड्यात, बाजाराच्या वारी. नागोरावची आई म्हणाली, गावात पहिली एसटी आली, तिला हार घालाया समदे गेले आन् मी एकटीच घरात व्हते. गुरुजींनी ग्रामपंचायतीचे जुने कागद उपसून ती एसटी शोधली. जुनी पंचांगं त्यांनी परभणीच्या रद्दीवाल्यांकडून आणली होती. एक दिवस नक्की व्हायला कधी महिना, कधी वर्ष लागायचं. नक्की झाला की दुसऱ्या वर्षी तो फळ्यावर लागायचा. त्या दिवशी त्या घरी काहीतरी गोड व्हायचं.

मी परभणीला नर्सिंगला गेले. होस्टेलमध्ये मुलींचे वाढदिवस व्हायचे, माझा सुट्टीत यायचा आणि तोही खोटा. सुट्टीत गावी आले की मी गुरुजींना म्हणायची, माझा दिवस शोधा. ते म्हणायचे, शोधतोय. मग मी जिंतूरला लागले, लग्न झालं, दोन लेकरं झाली. गुरुजींचं 'शोधतोय' जाऊन 'बघू' आलं. पुढे पुढे मी विषय काढला की ते चष्मा पुसायला लागायचे. गावातल्या एकेकाचं नाव लागत गेलं, माझ्या चुलतभावाचं लागलं, मुंबईला जाऊन बसलेल्यांची लागली. माझं नाही. माझं काम असं की मी आजवर हजारो लेकरांची जन्मवेळ मिनिटासकट लिहिली असेल. कुणाचं लेकरू आठ सत्तावीसला झालं की आठ अठ्ठावीसला, यात मी चूक होऊ देत नाही. आणि स्वतःचा महिनाही मला माहीत नव्हता. लोकांना वाटेल एवढं काय त्यात. मला वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत मी त्यांना नको ते बोलले. ओसरीत चार माणसं बसली होती, कुणाचा तरी दिवस सापडल्याचं गुरुजी सांगत होते. मी म्हटलं, "सगळ्या गावाचे सापडले, माझाच सापडत नाही तुम्हाला. मेंढरामागच्या पोरीचा कशाला शोधाल?" माझी जीभ आधीपासूनच तिखट, पण हे जिभेच्या पलीकडचं होतं. ज्या माणसाने आठ दिवस माळावर खेटे घालून मला शाळेत नेलं, त्याला मी हे म्हणाले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहिलंय खरं तुझं." बस्, एवढंच. फेब्रुवारीत ते पुन्हा ढाळे घेऊन आले. मी गूळ खाल्ला आणि धड बोलले नाही.

ते गेल्यावर तेराव्याला मी गावी गेले. काकू म्हणजे गुरुजींची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. जेवणं झाल्यावर त्यांनी ट्रंकेतून ती वही काढून माझ्यापुढे ठेवली. "तूच बघ ग. पोरं म्हणायलेत मोबाईलवर समदं मिळतंय, आता ह्याचं काय करायचं. मला तर त्यांचं अक्षर बघवत न्हाई." मी वही घेऊन वाचनालयाच्या ओसरीत जाऊन बसले. फळा तसाच होता. वार आणि तारीख, खाली काळं. गावाने पुसला नव्हता.

मी आधी एक जूनचं पान उघडलं. मला ठाऊक होतं तिथे काय असणार, तरी उघडलं. बारीक अक्षरात ओळीच्या ओळी नावं, सगळ्या गावाची. ज्याचा खरा दिवस सापडला त्याच्या नावावर एक सरळ रेघ, पट्टी लावून ओढलेली. पान रेघांनी भरलं होतं. उरलेल्या नावांत माझं होतं, बिनरेघेचं. मला रडू आलं ते दुःखाने नाही, रागाने आलं. मेलेल्या माणसावर मी रागावून बसले होते. मग राग निवला तशी उगीच पानं चाळत राहिले. किती कष्ट घेतले होते त्यांनी, कुठे शाई बदललेली, कुठे चूक खोडून समासात बरोबर केलेली. फेब्रुवारीच्या एका पानावर माझा हात थांबला.

सोळा फेब्रुवारी. वर लिहिलं होतं, '१९८० : सूर्यग्रहण. कर्नाटकात खग्रास, आपल्याकडे खंडग्रास. दुपारी. शनिवार, अमावस्या. सावली होती, सरकली.' जन्मलेल्यांत दोनतीन नावं. 'आपल्यापैकी' या शीर्षकाखाली काहीच नाही, नुसती पट्टीने ओढलेली मोकळी ओळ. आणि पानाच्या तळाशी, एकाखाली एक, बारीक अक्षरात वर्षं. प्रत्येक वर्षापुढे तेच तीन शब्द, कधी जास्त. जिंतूर. भेट झाली. जिंतूर. भेट झाली, दोन महिन्यांची गरोदर आहे म्हणाली. जिंतूर. भेट झाली, घाईत होती. जिंतूर. भेट झाली, हसली. मग दिवाळीनंतरचं ते साल... 'जिंतूर. भेट झाली. रागात आहे. बरोबर आहे तिचं.' आणि सगळ्यात शेवटी या वर्षीचं. 'जिंतूर. भेट नाही. आत बाळंतपण चालू होतं. बाळ रडलेलं ऐकलं, निघालो.'

मी ते किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. वही पदराखाली घेऊन तशीच उठले आणि मायकडे गेले. माय आता थकली आहे, चुलतभावाच्या घरी पडवीत तिची बाज असते, डोळ्यांना कमी दिसतं. मी तिच्याजवळ बसले आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "माय, मी गिराणात झाले का?"

ती बाजेवर उठून बसली. मग म्हणाली, "गुर्जी बोलले का? त्येनं जबान दिली व्हती."

"गुरुजी गेले, माय. त्यांनी नाही सांगितलं. मीच वाचलं."

"गेले म्हणून ऐकलं म्या." तिने माझा हात धरला. "भर दुपारी मेंढरं बसली बघ. सांज झाली म्हणून एकाला एक चिटकून बसाय लागली. ऊन राखेसारखं झालं. तुजा बाप म्हणला, आज काय इपरीत हाय. आन् मला कळा सुरू झाल्या. शनवार, आमुशा आन् गिराण, तिन्ही एका दिसाला. दिवाळीच्या आत तुजा बाप गेला, ताप आला आन् चार दिसात गेला. लोकायनं तुला खाल्लं असतं ग. बापाला गिळली म्हणले असते, जलमभर म्हणले असते. बाप असताना कुणी दिस इचारला न्हाई. गेल्यावर समदे इचाराय लागले. म्या म्हणलं, न्हाई आठवत. एकदा म्हणलं, मंग कुणीबी इचारलं तरी तेच."

"आणि गुरुजींना कसं कळलं?"

"तू दवाखान्यात लागलीस त्या साली आले व्हते. लय मायेनं इचारलं. माझ्या तोंडून मेंढरं बसल्याचं गेलं. त्येनी लगेच वळखलं. मंग म्या त्येंचे पाय धरले, म्हणलं लिव्हू नका फळ्यावर. ते म्हणले, त्यात वाईट काय न्हाई, सावली असती ती. म्या म्हणलं, तुमच्यासाठी सावली, माझ्या लेकीचं अजून लगीन व्हायचंय." मायने पदर सारखा केला. "मंग म्हणले, तुमी हायेत तोवर न्हाई लिव्हणार, तिलाबी न्हाई सांगणार. म्या म्हणलं, येक करा. मला त्या दिवशी तिला ओवाळता येत न्हाई, गोड करता येत न्हाई, कुणाला कळलं म्हणजे... तुमी दर साली तिच्या तोंडात काई गोड घाला. आन् परत येऊन सांगत व्हते मला, घातलं म्हणून."

म्हणजे ते परतताना मायकडेही जात होते. पिंगळीवरून आमच्या वस्तीपर्यंत संध्याकाळी चालत, दरवर्षी, तेवढंच सांगायला. मी मायला विचारलं, या वर्षी काय म्हणाले? ती म्हणाली, "घातलं म्हणले. तुमच्या लेकीनं आज येक लेकरू जगात आणलं, म्हणले."

हे लिहायला बसले तेव्हापासून मला एका गोष्टीचं फार वाटतं. गुरुजी ग्रहण मानणारे नव्हते. वर्गाच्या खिडक्या लावून, कंदील आणि चेंडू घेऊन त्यांनीच आम्हाला ग्रहण शिकवलं होतं, ग्रहणात मुद्दाम सगळ्यांदेखत भाकरी खाणारे ते. त्यांना मायशी वाद घालता आला असता. फळ्यावर माझं नाव लिहून, बघा ही ग्रहणात जन्मली आणि शेकड्यांनी बाळंतपणं करते, असं गावाला दाखवून देता आलं असतं. माझ्या तोंडून दिवाळीतलं ते ऐकल्यावर तर नुसती तारीख सांगितली असती तरी पुरे होतं, मी चार माणसांत वरमले असते. त्यांनी ऐकून घेतलं. एका मेंढरंवाल्या बाईची भीती त्यांना पटत नव्हती, पण ती भीती कुठून आली हे त्यांना कळत होतं. आणि मी, इतक्या बायांच्या उशाशी उभी राहिलेली, मला माझ्या आईचंच कळलं नाही. गुरुजी, मला माफ करा असं म्हणायला आता बाकडंही उरलं नाही.

मी मायला विचारूनच हे छापायला देते आहे. मी म्हटलं, तुझी मर्जी नसेल तर नको. माझ्या लेकीचं लग्न व्हायचं आहे अजून, हे तिलाही ठाऊक आहे. तिने खूप विचार केला, म्हणजे बाजेवर कूस बदलली आणि पुन्हा बदलली. मग म्हणाली, "लिव्ह. गुर्जींचं तेवढंच काम राहिलंय. आन् फळ्यावरबी तूच लिव्ह, दुसऱ्याच्या हातानं नको."

ते फेब्रुवारीत बघू. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर आले. सकाळी एक बाई आली, दुपारी मोकळी झाली, मुलगी. घड्याळ बघून वेळ लिहिली, शेजारी तारीख लिहिली, दोनदा तपासली. मावशी बाळाला पुसत होत्या. मी टेबलाचा खण ओढला. आत, पावत्या आणि तुटक्या पेनांच्या मागे ती पुडी होती, पाच महिन्यांची. पावसाळ्याने गुळाला पाणी सुटून कागद त्याला पार चिकटला होता. तो रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरचा कागद होता. इतकी वर्षं मी तो न बघता चुरगाळून टाकत आले होते. त्यावर मोठ्या लाल आकड्यात सोळा होता. नखाने कागद काढायला गेले तर फाटायला लागला. आधी गूळ खा, मग ढाळे... मी काढायचा सोडला आणि तो खडा तसाच, कागदासकट तोंडात घातला.